आधी दावण, मग बॉयलर

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : बिअर कारखान्यांचा चोथा, सांडपाणी आणि त्यांतून मिळणारी ऊर्जा यांचा जाहीर हिशेब

महोदय,


राज्यात तयार होणाऱ्या बिअरच्या प्रत्येक लिटरचा हिशेब सरकारकडे असतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी कारखान्याच्या आवारातच नेमलेले असतात. टाकीत किती, बाटलीत किती, ट्रकमध्ये किती, हे सगळे नोंदवहीत उतरते, कारण त्यावर महसूल उभा आहे. त्याच कारखान्याच्या मागच्या बाजूने जे बाहेर पडते त्याची देखरेख आपल्या मंडळाकडे आहे, आणि तो हिशेब मात्र लोकांसमोर येत नाही. किती चोथा निघाला, तो कुणाच्या गोठ्यात गेला, सांडपाण्यातून किती वायू मिळाला, त्यातला किती बॉयलरमध्ये जळला आणि किती नुसताच मशालीसारखा पेटवून दिला, हे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये कारखान्याच्या फाटकाबाहेर राहणाऱ्या माणसाला सहज कळेल अशी सोय नाही. हे पत्र त्या हिशेबासाठी आहे.

बिअर प्यावी की पिऊ नये, हा वाद इथे काढायचा नाही. कारखाने आहेत, त्यांना आपणच संमतीपत्रे दिली आहेत, त्यांच्यावर हजारो घरे चालतात. प्रश्न त्यांच्या उरल्यासुरल्या मालाचा आहे, आणि तो आत्ताच विचारण्याला कारण आहे. केंद्राने २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आणली आणि टाकाऊ जैविक मालापासून बनवलेला दाबयुक्त वायू तेल कंपन्या विकत घेतील अशी हमी दिली. आता शहरी गॅस कंपन्यांना त्यांच्या पुरवठ्यात असा वायू मिसळण्याचे बंधन टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. २०२५-२६ मध्ये १ टक्का आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के, असे ते वेळापत्रक आहे. धोरण चांगलेच आहे. पण त्यामुळे कुजणाऱ्या प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक उभे राहणार. बिअरचा चोथा या यादीत फार वरचा आहे : एकाच जागी, रोज, एकाच प्रतीचा आणि भरपूर मिळणारा माल. वायू प्रकल्प काढणाऱ्याला याहून सोयीचे काय हवे?

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जे जनावर खाऊ शकते ते दावणीला जावे. जे कुणीच खाऊ शकत नाही त्यातून ऊर्जा काढावी. आणि हा क्रम कंपनीच्या मर्जीवर न सोडता मंडळाने संमतीपत्राच्या अटींमध्ये लिहावा.

आता तपशील. बिअरसाठी मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, भरडतात आणि साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात भिजवतात. धान्यातल्या पिठाची साखर होते, ती गोड पाण्यात उतरते, ते पाणी पुढे उकळायला जाते. मागे उरतो तो चोथा. १०० लिटर बिअरमागे साधारण १४ ते २० किलो ओला चोथा निघतो. त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असते, पण वाळवून पाहिले तर उरलेल्यात सुमारे पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रथिने असतात. पीठ गेले, प्रथिने आणि तंतू मागे राहिले. रवंथ करणाऱ्या जनावरासाठी हा माल कचरा नाही, तो पशुखाद्याच्या पोत्यातला महागडा भाग आहे. जगभर बिअर कारखान्यांभोवती दुधाचे गोठे वाढले ते उगीच नाही, आणि आपल्याकडचे दूध उत्पादकही हा चोथा वर्षानुवर्षे नेत आले आहेत.

दुसरा माल म्हणजे सांडपाणी. टाक्या, नळ्या, बाटल्या, फरशा धुण्याचे पाणी, त्यात सांडलेली बिअर, जास्तीचे यीस्ट, उकळताना खाली बसलेला गाळ. एक लिटर बिअरमागे तीन-चार लिटर सांडपाणी ही नेहमीची गोष्ट आहे. विषारी म्हणावे असे त्यात फारसे नसते, पण ते इतके ‘पौष्टिक’ असते की ओढ्यात सोडले तर जंतू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. म्हणूनच बिअर उद्योग लाल वर्गात आहे आणि नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची, म्हणजे जंतूंना लागणाऱ्या प्राणवायूची, लिटरमागे ३० मिलिग्रॅम मर्यादा आहे. हे पाणी जनावराला पाजता येत नाही, शेताला तसेच सोडता येत नाही. ऊर्जेचा पहिला हक्क याच्यावर आहे.

दोन्हींतून किती मिळते? आकडे मांडून बघू. रोज १ लाख लिटर बिअर करणारा कारखाना घ्या. त्याचे सांडपाणी साडेतीन लाख लिटर आणि त्यातला सीओडी, म्हणजे कुजणाऱ्या मालाच्या भाराचे माप, लिटरला ३ ग्रॅम धरला, तर रोज हजार किलोच्या आसपास सीओडी शुद्धीकरण केंद्रात येतो. बिनहवेच्या टाकीत त्यातला ८० टक्के भार मोडला जातो. एक किलो सीओडी मोडला की ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, हे रसायनशास्त्राचे गणित आहे. पाण्यात विरघळून जाणारा आणि गळणारा वायू वजा केला तरी रोज २५० घनमीटर मिथेन हाती लागावा. उष्णतेच्या भाषेत सांगायचे तर १९ किलोचे दहा व्यावसायिक सिलिंडर, रोज.

आता हा आकडा कारखान्याच्या गरजेशेजारी ठेवा. लिटरमागे दीड मेगाज्यूल उष्णता धरली तर या कारखान्याला रोज दीड लाख मेगाज्यूल वाफ लागते. सांडपाण्याचा वायू त्यातली जेमतेम ६ टक्के गरज भागवतो. एवढ्यासाठी कशाला खटाटोप, असे व्यवस्थापक म्हणेल. त्याला दुसरा आकडा दाखवावा लागतो. तेच पाणी हवा भरून शुद्ध करायचे तर प्रत्येक किलो सीओडीमागे अर्धे ते एक युनिट वीज ब्लोअरला लागते. बिनहवेच्या टाकीने मोडलेल्या भारावर ही वीज वाचते, म्हणजे रोजची चारशे ते आठशे युनिट. मिळालेला वायू आणि वाचलेली वीज एकत्र मोजली, तरच या टाकीची खरी किंमत समजते.

चोथ्याचे गणित मोहात पाडणारे आहे. याच कारखान्यातून रोज १५ टन ओला चोथा निघतो असे धरू. तो सगळा वायू प्रकल्पात घातला तर नऊशे-हजार घनमीटर मिथेन मिळू शकतो, म्हणजे वाफेच्या गरजेचा पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक. सांडपाण्यापेक्षा तिप्पट-चौपट. कोणत्याही सल्लागाराच्या सादरीकरणात हा स्तंभ सर्वांत उंच दिसणार. त्या स्तंभात जे दिसत नाही ते असे : जनावरामागे रोज १० किलो चोथा धरला तर तोच माल दीड हजार दुभत्या जनावरांना पुरतो. वायू प्रकल्पात टाकलेल्या प्रथिनांपैकी नत्र खतात उरते, दूध उरत नाही. आणि ज्या गोठ्यातून हा चोथा काढून घेतला, तिथे त्याऐवजी पेंड जाते, मका जातो, सोयाबीन जाते. ते पिकवायला जमीन आणि पाणी लागते. कारखान्याच्या ताळेबंदात वाचलेला कार्बन शेतकऱ्याच्या वहीत खर्च म्हणून पडतो.

हे भय काल्पनिक नाही. इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली तेव्हा काय झाले ते कोंबड्या पाळणाऱ्यांना विचारा. मक्याचे भाव चढले, आणि एकेकाळी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये तो आयात करू लागला. इंधनाची टाकी आणि जनावराची गव्हाण एकाच पोत्याकडे हात करू लागली की कमी पैसेवाला मागे हटतो. इंधन कंपनीसारखे गिऱ्हाईक वर्षाच्या कराराने बांधलेले असते. चार म्हशीवाल्याचा करार नसतो.

स्कॉटलंडमध्येही हा प्रश्न आला, तिथे व्हिस्कीच्या चोथ्यावरून. स्पे नदीच्या खोऱ्यात रोथेस या गावी २०१३ मध्ये डिस्टिलऱ्यांचा चोथा आणि लाकडाचे तुकडे जाळून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. आजूबाजूच्या पशुपालकांनी विचारले, आमच्या जनावरांचा हिवाळ्यातला आधार तुम्ही भट्टीत घालणार, मग आम्ही काय घालायचे? प्रश्न रास्त होता.

याच्या उलट उदाहरण अलास्कातल्या जुनोचे. ते राजधानीचे शहर, पण बाहेरून तिथे रस्ताच जात नाही. माणसे आणि माल सारे जहाजाने किंवा विमानाने. आसपास गोठे नाहीत. तिथल्या अलास्कन ब्रुइंग कंपनीला चोथा वाळवून जहाजाने हजारभर मैल दक्षिणेला पाठवावा लागे. मग त्यांनी चोथाच इंधन म्हणून जाळणारा वाफेचा बॉयलर बसवला आणि तेलाचा खर्च कमी केला. त्यांनी केले ते बरोबर केले, कारण तिथे खाणारे तोंडच नव्हते. वाळूजहून निघालेला टेम्पो मात्र तासाभरात कितीतरी गोठ्यांपर्यंत पोहोचतो. तंत्र तेच असले तरी जुनोतला शहाणपणा मराठवाड्यात उधळपट्टी ठरू शकतो.

ऑस्ट्रियातल्या लिओबेन गावच्या ग्योस कारखान्याचे नाव अशा चर्चेत हमखास निघते. त्यांनी चोथ्यापासून वायू करणारा प्रकल्प २०१५-१६ च्या सुमारास उभारला आणि कारखाना खनिज इंधनापासून मुक्त केला. पण त्याआधी शेजारच्या लाकूड कारखान्याची वाया जाणारी उष्णता पाइपाने आणली, सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवले, उकळण्यातली वाफ पुन्हा वापरली. चोथ्याचा प्रकल्प शेवटची पायरी होती. आपल्याकडे कुणी ग्योसचा दाखला देऊन थेट शेवटच्या पायरीवर उडी मारत असेल, तर मधल्या पायऱ्या कुठे आहेत, हे मंडळाने विचारावे. आणि ऊन तर आपल्याकडे ऑस्ट्रियाहून कितीतरी जास्त आहे!

मराठवाड्याची खरी गोम ऋतूत आहे. बिअरचा खप मार्चपासून चढतो आणि मे-जूनपर्यंत चढलेलाच राहतो. कारखाने सर्वांत जोरात चालतात, चोथा सर्वांत जास्त निघतो, सांडपाणी सर्वांत जास्त वाहते. नेमके तेच महिने चाराटंचाईचे. कडबा संपलेला, हिरवे काही नाही, दुष्काळाचे वर्ष असेल तर जनावरे छावणीत. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले जात होते, बीडमध्ये छावण्या होत्या, आणि एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बिअर आणि मद्य कारखान्यांचे पाणी आधी ५० आणि नंतर ६० टक्के कापण्याचा आदेश दिला. त्या उन्हाळ्यात चोथ्याचा प्रत्येक टेम्पो म्हणजे दावणीवरचा चारा होता. तशा वर्षी हा माल एखाद्या वायू कंपनीच्या कराराने आधीच बांधलेला असला, तर जिल्हाधिकारी तो सोडवणार कसा?

आता कारखान्यांची बाजू. ओला चोथा उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो, त्यावर बुरशी धरते, आणि बुरशीचा चोथा खाऊ घातला तर जनावराला इजा होते, विषाचा अंश दुधातही उतरू शकतो. हे खरे आहे. गाडी वेळेवर आली नाही की आवारात ढीग साचतो आणि आपलेच अधिकारी नोटीस काढतात, हेही खरे. पण यावरचा उपाय गावागावात माहीत आहे. मका कापून हवाबंद पिशवीत किंवा खड्ड्यात मुरघास करणारा शेतकरी आज शोधावा लागत नाही. चोथा दाबून पाणी काढले आणि तसाच हवाबंद मुरवला तर तो आठवडेच्या आठवडे टिकतो. त्यासाठी कारखान्यात एक दाबयंत्र आणि दूध संघाकडे साठवणीची सोय लागते. वायू प्रकल्पाला अनुदान मिळते तर या साठवणीला का मिळू नये?

एवढे करूनही काही चोथा खराब होणारच. तो खुशाल वायू प्रकल्पात जावा. जास्तीचे यीस्ट खाद्याला गेले नाही तर तेही तिकडे जावे. ते गटारात गेले की सांडपाण्याचा भार एकदम वाढतो. शुद्धीकरण केंद्रातला गाळही तिकडेच. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरींचा प्रश्नही याच रांगेत येतो. त्यांचा रोजचा चोथा काही किलो ते काहीशे किलो, शहराच्या मध्यावर, गोठ्यांपासून दूर. तिथे महापालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या वायू प्रकल्पाशी त्यांना जोडून देणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. इंग्लंडात सफोकमधल्या ॲडनम्स कंपनीने २०१० मध्ये कारखान्याचा टाकाऊ माल आणि गावातले वाया गेलेले अन्न एकत्र करून वायू केला आणि तो थेट गॅसच्या जाळ्यात सोडला. तो नमुना गोठ्याजवळच्या वाळूजपेक्षा शहरांना जास्त लागू पडतो.

आणि सांडपाण्याबाबत तर कुणाची सबब चालायला नको. तंत्र नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून वायू करून दिवे लावल्याची नोंद १८९७ ची आहे. कारखान्यांच्या पाण्यासाठी वापरली जाणारी ‘यूएएसबी’ टाकी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन इथे लेटिंगा यांच्या चमूने १९७० च्या दशकात घडवली. पाणी खालून वर चढते, वाटेत जंतूंच्या दाण्यादाण्यांच्या थरातून जाते, वायू वरच्या घुमटात गोळा होतो. हे जंतू ३० ते ३७ अंशांत खूश असतात. डचांना त्यासाठी पाणी तापवावे लागते. मराठवाड्यात वर्षातले बहुतेक महिने निसर्गच ते काम करतो.

अडचण टाकी बांधण्याची नाही, टाकीनंतरच्या पाइपाची आहे. शुद्धीकरणाची अट पुरी झाली की कारखान्याचे काम संपते. वायूतला हायड्रोजन सल्फाइड काढायचा, तो साठवायचा, बॉयलरचा बर्नर बदलायचा, हा खर्च कुणी सांगितल्याशिवाय कोण करणार? मग वायू फ्लेअरला, म्हणजे उघड्यावरच्या मशालीला, जोडून जाळून टाकणे सोपे पडते. फ्लेअर विझला आणि कुणाच्या लक्षात आले नाही तर त्याहून वाईट, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट तापवतो. म्हणजे ज्या टाकीच्या नावावर पर्यावरणाची शाबासकी मिळाली, तीच टाकी दुर्लक्षामुळे वातावरणाचे नुकसान करू शकते. वायू मोजल्याशिवाय यातले काय चालले आहे, हे आपल्या अधिकाऱ्यालाही सांगता येणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट असावी. वायूने पाणी परत येत नाही. सांडपाण्यापासून ऊर्जा काढली म्हणून जायकवाडी धरणाच्या नाथसागरातून उचललेला एकही लिटर माफ होत नाही. ज्या शहरात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येते, तिथे कारखान्याने ‘हरित ऊर्जा’ असा फलक लावून पाण्याचा आकडा झाकू नये. लिटरमागे किती पाणी लागले, हा आकडा त्याच फलकावर, त्याच अक्षरांत असावा.

म्हणून मंडळाकडे माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, संमतीपत्राच्या नूतनीकरणात क्रम लिहा : खाण्याजोगा चोथा आधी पशुखाद्याला, खराब चोथा, यीस्ट आणि गाळ वायू प्रकल्पाला, आणि जाळणे फक्त तिथे, जिथे वाहतुकीच्या टप्प्यात गोठे नाहीत. चांगला चोथा वायूसाठी द्यायचा असेल तर आसपासच्या दूध संघांना तो आधी देऊ केला होता, याचा पुरावा मागा.

दुसरी, सांडपाण्याच्या प्रत्येक बिनहवेच्या टाकीवर वायूचे मीटर असावे आणि फ्लेअरवर वेगळे. फ्लेअर ही अडचणीच्या वेळची सोय आहे, रोजची विल्हेवाट नाही. ठराविक मुदतीनंतर वायू वाफेसाठी किंवा विजेसाठी वापरला नाही तर त्याचे कारण लेखी मागावे.

तिसरी, चाराटंचाई जाहीर झालेल्या तालुक्यांच्या आसपासचा सगळा चांगला चोथा त्या काळात पशुसंवर्धन विभागाच्या यादीनुसार वाटला जावा. ही अट वायू कंपन्यांच्या करारातही आधीच घातलेली असावी. आणि हा माल कुण्या एका ठेकेदाराच्या मुठीत राहणार नाही, हे वाटपाच्या नोंदीतून दिसावे.

चौथी मागणी सर्वांत स्वस्त आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार प्रत्येक कारखाना दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पर्यावरण विवरणपत्र भरून देतो. त्यात पाणी असते, कच्चा माल असतो, टाकाऊ माल असतो. त्या नमुन्यासोबत बिअर कारखान्यांकडून एक पानी पुरवणी घ्या : ओला चोथा किती टन, कुणाला किती, वायू किती घनमीटर, बॉयलरमध्ये किती, फ्लेअरला किती, आणि लिटरमागे पाणी किती. ते पान मराठीत, मंडळाच्या संकेतस्थळावर आणि कारखान्याच्या फाटकावर लावा.

यातल्या तीन मागण्यांसाठी बैठका लागतील, सल्लामसलत लागेल, कारखानदार हरकती घेतील. त्या घ्याव्यातही. चौथीसाठी एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ती आधी पूर्ण केली तर बाकीच्या तिन्हींवरचा वाद अंदाजाने न होता आकड्यांवर होईल. येत्या ३० सप्टेंबरच्या विवरणपत्रांपासून ते पान सुरू करावे, ही विनंती. उत्पादन शुल्क विभाग बिअरचा थेंब न् थेंब मोजू शकतो, तर आपले मंडळ चोथ्याचा टन आणि वायूचा घनमीटर नक्कीच मोजू शकेल.

कळावे,
आपला,
छत्रपती संभाजीनगरचा एक रहिवासी